आठव्यांदा पहिली

३ मार्च, पहाटे ५.१०
अडतिसावं संपलं. डोंगरी सायकल शर्यतीत सात वेळा चॅम्पियन. आठव्यांदा झाले की रामराम. आजपासून रोज दोन तास चढ. साखर बंद. गजर वाजायच्या आधी उठले, म्हणजे शरीर तयार आहे.

३ मार्च, सकाळी ११
जरा डोळा लागला होता. विश्रांती हाही सरावच.

५ मार्च
चढ अर्ध्यावर सोडला. पायांचा दोष नाही, सीट खाली होती. नवरा लग्नाआधीपासून घड्याळ घेऊन उभा राहतो आणि माझी वेळ ओरडून सांगतो. आज गप्प. म्हणाला, घड्याळाचा सेल संपलाय. बरंच झालं. आकड्यांनी उगाच दडपण येतं.

११ मार्च
सीट, हँडल, टायर, सगळं बदललं. तरी सायकल जड. मेकॅनिक म्हणाला, ताई, नाचता येईना अंगण वाकडं. पटलं. यंदाचा ट्रॅक वाकडाच आहे.

१९ मार्च
मुलगी म्हणते, आई, उतारावर तू ब्रेक फार दाबतेस. चौदा वर्षांची कार्टी! ब्रेक नव्हे बाई, तो अनुभव. नवऱ्याने सेल अजून आणलेला नाही. दुकान कोपऱ्यावर. तिथूनच मी बिस्किटं आणली, पण सेल आणायचं लक्षात राहिलं नाही.

२७ मार्च
उद्या शर्यत. आदल्या दिवशी ट्रॅकवर एक फेरी मारून बघतात. मी मारली नाही. ताकद राखली. साखरेचा चहा तीनदा. पुढची फारच पुढे गेली की मागच्यांना पंच मध्येच बाहेर काढतात. माझ्यामुळे किती जणी अशा निघाल्या! रडायच्या बिचाऱ्या. मी तेव्हा म्हणायचे, एवढं काय त्यात.

२८ मार्च, संध्याकाळी
चौथ्या फेरीत पंचबाईंनी हात आडवा केला. मला वाटलं, माझ्या मागचीला. वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.
नवरा बाटली घेऊन उभा होता. गळ्यात घड्याळ, चालू. विचारलं, सेल कधी टाकलास? म्हणाला, संपलाच नव्हता गं.
भांडायचं त्राण नव्हतं. खूप रडू आलं. माझी वेळ मी विचारली नाही, त्यानेही सांगितली नाही. बाटली संपेपर्यंत दोघं तिथेच उभे राहिलो.