जावक क्रमांक २१४

सोमवार, ९ जुलै १९८४

एकतीस पाकिटांवर पत्ते लिहिले. बोटं दुखताहेत. डी.एड.च्या प्रवेशाची पत्रं सगळी आजच गेली पाहिजेत, म्हणून मोठ्या बाई डोक्यावर उभ्या! शिपाई धाकू पाचच्या टपालात टाकून आला.

आमच्या उत्तराचं नाव खुल्या प्रतीक्षायादीत पहिलं. पहिलं म्हणजे काय, बाहेरच. एका जागेसाठी पोरगी अडली. ह्यांची मिल गेल्यापासून घरात जरा चांगलं असं काही घडलेलंच नाही. तिला नोकरी लागली तर... जाऊ दे. आधी जागा तर मिळू दे.

सोमवार, १६ जुलै

एक पाकीट परत आलं. 'पत्ता अपुरा.' जया भीमराज गमरे, भांडुप. राखीव जागा. जावक क्रमांक २१४.

अर्ज काढून बघितला. तिनं नीट लिहिलं होतं – 'द्वारा चंद्रप्रकाश पीठ गिरणी.' ती ओळच मी पाकिटावर लिहिली नाही. टेकडीवरच्या झोपडीला पोस्टमन कशाला जातोय? पत्रं गिरणीतच येत असणार. आम्ही चाळीत होतो तेव्हा आमची नाही का वाण्याकडे यायची? मला कळायला हवं होतं.

मुद्दाम सोडली का ओळ? नाही. देवाशप्पथ नाही.

बुधवारी पाचपर्यंत ती आली नाही तर जागा खुल्या वर्गाकडे जाते. राखीवच्या यादीत तिच्यामागे कुणीच नाही. आणि खुल्या वर्गात पुढचं नाव कुणाचं, ते मला यादी न बघता माहीत आहे.

पाकीट खणात ठेवलं. उद्या जाऊन देऊन येईन.

मंगळवार, १७ जुलै

आमचं कॉलेज मुलुंडला, पुढचंच स्टेशन भांडुप. गेले नाही.

बुधवार, १८ जुलै

पाचला दहा कमी असताना मोठ्या बाईंनी विचारलं, "गमरे आली का?"

"नाही बाई."

"पत्र गेलं होतं ना?"

"गेलं होतं. नऊ तारखेलाच." जावक वही उघडून दाखवली. एक शब्द खोटा बोलले नाही. म्हणून जास्तच किळस येतेय माझी मला.

सव्वापाचला उत्तराचं नाव लागलं. ते मीच टाइप केलं.

गुरुवार, १९ जुलै

पेढे. शेजारची कुंदा पेढा तोंडात ठेवून म्हणते, "कोटेवाल्यांच्या एवढ्या गर्दीत मेरिटवर मिळवलीन हो पोरीनं!" हे किती दिवसांनी हसले. उत्तरानं वाकून नमस्कार केला तर पाय मागे घ्यावेसे वाटले.

मीच ना म्हणायचे, कोटेवाल्यांना सगळं आयतं मिळतं? आयतं!

मंगळवार, २४ जुलै

ती आली. वडिलांबरोबर. त्यांनी कंपनीत अर्धी रजा टाकली होती. पोरगी सावळी, किडकिडीत, वेणीला रिबीन. अर्जावर गाव गुहागरकडचं – आमच्याच तालुक्यातलं! एरवी लगेच विचारलं असतं, कुठली वाडी गं तुझी? आज मान वर करवेना.

पत्र नऊ तारखेला गेल्याचं सांगितलं. वडीलच ओशाळले. "आमचंच चुकलं मॅडम. गिरणीवाल्याला रोज विचारायला पाहिजे होतं."

"मी रोज विचारत होते, बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, कुठच्या पत्त्यावर पाठवलंत?"

मी वही पुढे केली. त्यात नुसतं नाव आणि 'भांडुप'. तिनं ती ओळ बोट ठेवून वाचली. परत वाचली. खण माझ्या गुडघ्याला टेकलेला.

"पुढच्या वर्षी अर्ज कर," म्हटलं.

"पुढचं वर्ष कुठचं मॅडम," वडील म्हणाले, "हिच्या पाठच्या दोघी आहेत. आता कामालाच लावतो." जाताना मला हात जोडले. मला!

शुक्रवार, २७ जुलै

धाकू म्हणतो, "बाई, ते परत आलेलं पाकीट फाइलीला लावू काय?" मी लावते म्हटलं आणि पर्समध्ये घालून घरी आणलं. स्टोव्हपाशी दोनदा नेलं. जाळता येईना. अक्षर माझंच, वळणदार. कपाटात साड्यांच्या घडीखाली सरकवलं.

बुधवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला उत्तरा पहिल्या रांगेत. मला बघून हसली. मी धाकूशी बोलतेय असं दाखवलं.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

उत्तराचा आज पहिला पाठ, चौथीच्या वर्गावर. पाठाला साडी नेसायचीच असा नियम. सकाळी मी घाईत पोळ्या लाटत होते. "आई, तुझी निळी नेसू?" "नेस की, त्यात विचारतेस काय!" म्हटलं आणि निघाले.

आठवलं ते ऑफिसात, दुपारी. घरी येऊन कपाट उघडलं.

तिथे नाही.

रविवार, ९ सप्टेंबर

तीन दिवस पोरगी बोलत नाही. पाठ कसा झाला विचारलं तर "बरा." आज सकाळी गेली ती दिवेलागणीला आली. चपला चिखलानं भरलेल्या. "कुठे होतीस?" "भांडुपला."

सोमवार, १० सप्टेंबर

आवक क्रमांक ३०७. उत्तराचा अर्ज. मला दिला नाही, धाकूच्या हाती पाठवला. 'माझे नाव कमी करावे. ही जागा जया भीमराज गमरे यांची आहे. पत्ता : द्वारा चंद्रप्रकाश पीठ गिरणी, भांडुप. सोबत : पाकीट एक.'

वहीत नोंद केली. आता मोठ्या बाईंकडे मीच घेऊन जाते.