टेप लावून मोजलेलं घर

प्रिय वन्सं,

पत्र बघून दचकू नका, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनच करणार होते, पण हल्ली फोन हातात घ्यायलाच नको वाटतं. परवा यांचा फोन चक्क तांदळाच्या डब्यात वाजला. वसुलीवाल्यांचा आवाज माझ्या कानी पडू नये म्हणून यांनीच तिथे पुरून ठेवला होता. आधी हसू आलं, मग मीच झाकण घट्ट लावून टाकलं.

भाड्याने द्यायला यांनी पहिला फ्लॅट घेतला तेव्हा तुम्ही भावाचं केवढं कौतुक केलंत! मीही देवापुढे साखर ठेवली. साठवलेले पैसे होते, उरलेल्या कर्जाचा हप्ता भाड्यातून जात होता. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण "भाडेकरू फेडतोय, आपण नुसतं मालक व्हायचं," म्हणत दुसरा घेतला, आणि त्यासाठी भरायची सुरुवातीची रक्कम काढली क्रेडिट कार्डांवर. भाडेकरू सोडून गेला तर, असं मी विचारलं. म्हणाले, तुझ्या जिभेला हाड नाही. तो गेलाच. आता या कार्डाची टोपी त्या कार्डाच्या डोक्यावर चाललीय, आणि बँकेत यांची पत इतकी घसरलीय की मॅनेजर बसासुद्धा म्हणत नाही.

मग गेल्या आठवड्यात कुठल्याशा कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस आला. खोल्यांना टेप लावली, भिंतींवर टिचक्या मारल्या, देवाचा कोनाडासुद्धा मोजला, तोही पायात बूट घालून. मी पाणी दिलं तर म्हणतो कसा, "काकू, घर छान ठेवलंय. वेळ आलीच तर लगेच विकलं जाईल." वन्सं, तेव्हापासून लादी पुसायला बसले की वाटतं, कुणासाठी पुसतेय मी?

यांच्यावर रागावू नका. घास तोंडाशी नेतात आणि तसाच धरून बसतात. मी जपाला बसले तरी माझे डोळे दाराकडे.

रविवारी हे तुमच्याकडे येतील. छप्पर गळतंय, दुरुस्तीला कर्ज हवंय, म्हणतील. छप्पर गळत नाही. सहीला जो कागद पुढे करतील, तो आमचं राहतं घर गहाण टाकायचा आहे. सही करू नका. भाऊ रडला तरी नको. रिकामा पडलेला दुसरा फ्लॅट तोट्यात का होईना, विकायला लावा. मी हिशोब मांडून पाहिलाय, कार्डं फिटतात आणि पहिला फ्लॅट आपल्या भाड्यावर तरतो. माझं ते ऐकत नाहीत, आणि ऐकायची गरजही नाही. सासूबाईंनी घर तुम्हा दोघा भावंडांच्या नावावर केलं. लग्न होऊन आल्यापासून मी इथे दिवा लावते, पण त्या कागदावर माझ्या सहीला जागाच नाही. जन्मात पहिल्यांदा यांना 'नाही' म्हणायचा धीर केला, तर मला विचारणारंच कुणी नाही. म्हणून ते 'नाही' तुमच्याकडे पाठवतेय. सांभाळा.

तुमचीच,
वहिनी