सुमनकाकूंची धाप

मांडवी, रत्नागिरी
२१ नोव्हेंबर २००३, संध्याकाळ

चहा तसाच गार झाला. लांज्याच्या सुमनकाकूंचे पाय डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

काजू भाजण्याच्या धुरात त्यांचं आयुष्य गेलं. दमा जुना, दर थंडीत वाढणारा. परवा धापा टाकत दवाखान्यात आल्या, तेव्हा मी दम्याचं नेहमीचं इंजेक्शन देणारच होतो. मग पाय दिसले. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडला, भरेचना. मानेच्या शिराही फुगलेल्या. ही धाप फुप्फुसाची की हृदयाची? छातीत एवढी घरघर, की ठोके नीट ऐकूच येईनात.

"कोल्हापूरला जाऊन हृदयाची सोनोग्राफी करून घ्या," म्हटलं.

"नको हो डाक्टर. दमा माजा जुनाच हाय. गोळ्या द्या नि सोडा."

त्यांचे यजमान अनंतरावही पिशवी उचलून निघायला लागले. मी आवाज चढवला, तेव्हा कुठे दोघं तयार झाले. पण मला तरी खात्री कुठे होती? नुसत्या सुजलेल्या पायांवरून त्या बाईला घाट चढायला लावला. वाटेतच काही झालं असतं तर?

आत्ता अनंतरावांचा फोन आला. हृदयाची उजवी बाजू ताणली आहे, डावीही कमी काम करते आहे. अंगातलं पाणी काढायचं औषध सुरू झालंय, धाप उतरली आहे. मला हायसं वाटायला हवं होतं.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "म्हंजे डाक्टर, आता ती बरी व्हईल ना?"

"होईल," म्हणालो.

फोन ठेवल्यापासून येरझारा घालतोय. आराम पडेल, एवढंच मला ठाऊक होतं; असं हृदय पूर्ण बरं होत नाही.