जन्माची नक्कल

२४ सप्टेंबर १९५६, सोमवार. कारंजा.

जनपद सभेचा, म्हणजे आमच्या शाळा चालवणाऱ्यांचा, कागद आला. हेडमास्तरांनी भर वर्गातून बोलावून हातात दिला. कायम करायच्या मास्तरांच्या यादीत माझं नाव आहे, पण जन्माचा पुरावा नाही. शाळेच्या दाखल्यावरची १ जुलै चालणार नाही म्हणे. तेही बरोबरच. ती तारीख गुरुजींनी माझे दात पाहून लिहिलेली, आमचा अर्धा वर्ग १ जुलैचाच होता. आता कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या बुकातली सही-शिक्क्याची नक्कल पाहिजे. एक नोव्हेंबरला आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाणार, त्याआधी यादी पक्की होणार. यादीत नसेल तो मास्तर घरी.

हेडमास्तर म्हणाले, "नक्कल म्हणजे काय, चार दिवसांचं काम." शाळेचं छप्परही चार दिवसांचंच काम होतं. तीन पावसाळे गळतंय.

जेवलो नाही.

२७ सप्टें.

रजा टाकून तहसील. सकाळची मोटार भरलेली, टपावर बसून गेलो. अर्जनवीसाकडून नकलेचा अर्ज लिहून घेतला. मास्तर असून दुसऱ्याकडून अर्ज लिहवला, लाज वाटली, पण त्या अर्जाची भाषाच वेगळी. तिकीट लावून खिडकीत दिला.

रेकॉर्ड कीपर (पुढे रे. की.) म्हातारा, तोंडात कायम सुपारी. "सांगा मास्तर. बापाचं नाव, गाव, साल." साल अंदाजे सांगितलं. मी पोटात असताना गावाच्या वेशीवरचा वड पडला, एवढंच घरी माहीत. "वडाचा रेकॉर्ड इथं नसते," म्हणाला. सोमवारी बोलावलंय.

१ ऑक्टो., सोम.

नाही.

रे. की.नं दहा-बारा सालांची बुकं काढली. वड पडला त्या सुमाराला माझ्या बापाला, रामाजीला, मुलगा झाल्याची नोंद कुठेच नाही. माझ्या आधीच्या चारही भावंडांचे जन्म आहेत, आणि थोड्या खाली त्यांचे मृत्यूही आहेत. "ताप", "ताप", "हगवण", "ताप". मी ती पानं पाहायला नको होती. माझा जन्मच नाही. म्हणजे कागदावर रामाजीच्या घरात जन्मलेलं एकही जगलं नाही.

रे. की. म्हणाला, "मास्तर, तुमी जल्मले तरी का?" बाकीचे हसले. मीही हसलो. मोटारीत मात्र घाम फुटला.

३ ऑक्टो.

आज पुन्हा गेलो. हेडमास्तरांचं तोंड वाकडं. रे. की.ला म्हटलं, बापाचं नाव सोडा, त्या सालात आमच्या गावात जन्मलेले सगळे मुलगे वाचा. त्यानं कंटाळून वाचले. चौथं नाव "दौलत यास मुलगा" असं निघालं आणि मी कपाळावर हात मारला.

अरे, मी विकलेला ना!

सारं गाव जाणतं, मला लहानपणापासून चिडवतं. चार गेली म्हणून पाचवा झाल्या झाल्या आईनं मला शेजारच्या सखूबाईला विकलं, सूपभर कोंड्यावर. म्हणून तर कोंडबा. पोर आपलं नाही म्हटलं की मरण दारावरून परत जातं, अशी समजूत. सखूबाई म्हणजे दौलतची बायको, तिला मूलबाळ नाही. राहायचो आईजवळच, प्यायचो तिचंच दूध, पण नावाला सखूबाईचा. कोतवाल विचारायला आला असेल, पोर कोणाचं? आईनं बिनदिक्कत सांगितलं असेल, दौलतचं. त्यानंही लिहिलं. त्याला सगळं माहीत असणार. तरी लिहिलं.

रे. की. हे ऐकून सुपारी थुंकून आला. "मंग नक्कल देऊ का दौलतच्या पोराची?"

घेऊन काय करू? सातवीचं सर्टिफिकेट, नॉर्मल स्कूलचं मास्तरकीचं सर्टिफिकेट, सगळीकडे बाप रामाजी. बापाचं नाव दुरुस्त करायचं तर नायब तहसीलदारापुढे पेशी, म्हणजे सुनावणी. बाप नाही, दौलतही नाही. तेव्हा जन्म देणारीनं शपथेवर सांगायचं की हा माझा मुलगा.

एवढंच. रे. की. म्हणाला, एवढंच.

७ ऑक्टो., रवि. गावी.

जन्म देणारीला तोंडावर 'काकू' म्हणतो. 'माय' सखूबाईला. इथे मात्र आई लिहितो, वहीला कोण ऐकतंय.

आई तुरीत निंदण करत होती. धुऱ्यावर, बांधावर बसून सगळं सांगितलं. नोकरी, यादी, पेशी. ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सखूले ने ना. सखूचं पोट्टं, सखू सांगन."

म्हटलं, तसं नाही चालत. तू सांगायला पाहिजे.

"मले नाई जमत."

"काऊन नाही जमत? एक वाक्य आहे!"

उठून पुन्हा निंदायला लागली. माझ्याकडे पाठ. मग तशीच म्हणाली, "चार येळा म्हनलं म्या, माहा म्हनून. झालं तेवढं लय झालं."

मी चिडलो. हे अडाणीपण, ही तापाची साथ होती, क्विनीन मिळालं असतं तर चारही जगली असती, असं काय काय बोललो. शाळेत आरोग्याचा धडा घेतो ना मी. ती निंदतच राहिली. बोललो ते सगळं खरं होतं, तरी परत येताना स्वतःचीच चीड आली.

१० ऑक्टो.

पेशी लागली. १९ तारीख. म्हणजे आई आली नाही तर संपलं.

रात्री नीट झोप नाही. मुलांना त्रैराशिक शिकवताना मीच चुकलो.

१४ ऑक्टो. दसरा.

गावी. सोनं वाटलं. दर वर्षीसारखं सखूबाईनं ओवाळलं, आई खांबाआड उभी. मला ओवाळताना ती नेहमी तिथेच असते. आज पहिल्यांदा राग आला नाही, फक्त पाहत राहिलो. केस किती पांढरे झालेत.

सखूबाईला वाटेत गाठून सांगितलं, माय, तू समजाव तिला. तर तीच डोळ्याला पदर लावायला लागली. "म्हंजे मी साहेबापुढं सांगू का, हा माहा नाई म्हनून? तुले काई वाटते का कोंडबा?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन बायकांना दोन बाजूंनी तोडायला निघालोय मी, एका नकलेसाठी.

संध्याकाळी निघताना सखूबाई फाट्यापर्यंत आली. "आनतो तिले. येजो तू मोटारीपाशी." वर म्हणाली, "नोकरी गेली तं पोरगी कोन देईन तुले?"

१९ ऑक्टो., शुक्र.

झालं. लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

दोघी आल्या. नवी लुगडी. आई मोटारीत पहिल्यांदा बसली, वाटभर दांडा धरून. नायब तहसीलदार (ना. त.) जबलपूरकडचे, माणूस सभ्य. आईला म्हणाले, "बैठिए माँजी." ती बसली नाही. शपथ दिली. मग विचारलं, "ये लड़का किसका है?"

आई म्हणाली, "सखूचा."

कारकून खुदकन हसला. ना. त.नी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुन्हा तोच प्रश्न. आईचं पुन्हा तेच उत्तर. माझे कान तापले, वाटलं गेली नोकरी. तेवढ्यात सखूबाई बाकावरून उठली. "साहेब, म्या इकत घेतलं याले. कोंडा देऊन. पोटचं तिचं हाय. सांग ना वं बाई, सांगून टाक." आणि स्वतः रडायला लागली.

आईनं पदर सारखा केला. मग साहेबाला म्हणाली, "त्याले भायेर धाडा. मंग सांगतो."

मला बाहेर काढलं. व्हरांड्यात उभा राहिलो, कान दाराला. काही ऐकू येईना, बाजूला टाइपरायटर खडखडत होता. त्या माणसाचा गळा दाबावा असं वाटलं. थोड्या वेळानं कारकुनाचा आवाज आला, बयान वाचून दाखवत होता, "कोंडबा हा माझ्या पोटचा मुलगा असून..."

तिनं म्हटलं. मला ऐकायला मिळालं ते कारकुनाच्या तोंडून.

बाहेर आली तेव्हा अंगठ्याला शाई होती. माझ्याकडे पाहिलंच नाही. मोटार सुटेपर्यंत पदरानं अंगठा पुसत होती.

हुकूम आठ-दहा दिवसांत होईल म्हणाले.

२३ ऑक्टो.

अंग मोडून आलंय. थंडी वाजते. साथ आहे, वर्गातली पोरंही आजारी आहेत. काही विशेष नाही.

२४ ऑक्टो.

ताप. हेडमास्तरांनी बैलगाडीनं गावी पोचवलं. दवाखान्याची गोळी घेतली. हिवताप. साथ आहे. मीच स्वतःला परत परत सांगतोय, साथ आहे.

मी निजलोय त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आई येत नाही. दारात बसून पाहते. बोलली असती, म्हटलं असतं 'पाह्य, मी म्हनलं नोतं का', तर मी भांडलो तरी असतो.

२९ ऑक्टो.

आज उठून बसलो. मधले दिवस आठवत नाहीत, एक दुपार सोडून.

ताप चढलेला होता. सखूबाई सुपात कोंडा घेऊन आली. तिनं तो दारात आईच्या ओच्यात ओतला. आई म्हणाली, "नेलं का?" सखूबाई म्हणाली, "नेलं. माहं झालं." पुन्हा एकदा व्यवहार. मी जागा होतो. आरोग्याचा धडा घेणारा मास्तर. एका शब्दानं 'हे काय चालवलंय' म्हणता आलं असतं.

डोळे मिटून पडून राहिलो. नको म्हणालो नाही. उलट बरं वाटलं. हे मी कुठेही बोलणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताप उतरला. गोळ्यांनी उतरला.

१ नोव्हेंबर

आजपासून मुंबई राज्य. गावात कोणाला पत्ता नाही. उद्या लक्ष्मीपूजन, बाया अंगण सारवून राह्यल्या. हुकुमाचं काही कळत नाही. जीव टांगणीला.

६ नोव्हें.

तहसील. ताप नुकताच उतरलेला, तरी गेलो. ना. त. नाहीत. ते जुन्या राज्यात राहिले, जबलपूरला गेले. माझा हुकूम व्हायचा राहून गेला. नवे साहेब म्हणतात, बाई माझ्यासमोर बोललेली नाही, मी कशाच्या भरवशावर सही करू? पुन्हा बयान. पेशी १५ तारखेला. राज्य बदलण्यात यादीही रखडलीय, तोवर थांबवतो असं जनपदवाले म्हणाले, पण पंधराच्या पुढे नाही.

रे. की.नं सुपारी देऊ केली. "एक डाव बोलली ना माय? मंग दुसऱ्या डावाले काय लागते."

११ नोव्हें., रवि. गावी.

सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

आई चुलीपुढे होती. विस्तव सारखा करत म्हणाली, "तवा खरं होतं, म्हनून बोललो. आता तं सखूनं नवा कोंडा देल्ला. आता माहा म्हनलं तं खोटी शपथ होईन."

मी म्हटलं, काकू, कायद्यानं...

"कायदा तुह्यापाशी ठेव. ताप मी पाह्यला."

सखूबाई पलीकडच्या ओट्यावरून सगळं ऐकत होती. ती उठून घरात गेली.

१३ नोव्हें.

परवा पेशी. आई येते की नाही, तिनं सांगितलेलं नाही. मी पुन्हा विचारलेलं नाही. सखूबाईकडे निरोप धाडायचा तर कारंज्याचा माणूस आज गावाकडे जाणार होता. त्याला हाक मारायला उठलो आणि शाळेच्या दारातूनच परत फिरलो. तो गेला.

उद्या सकाळी धाडता येईल अजून. किंवा मीच जाईन.

मधल्या सुट्टीत हेडमास्तर म्हणाले, "काय मास्तर, तब्येत बरी नाही का? सारखे कपाळाला हात लावून पाहताय." म्हटलं, नाही, काही नाही. कपाळ थंड आहे.