डाव्या मडगार्डवरची कडी

आबा, यंदाच्या थंडीत कुठला ट्रॅक्टर खोलायचा हे ठरता ठरत नव्हतं. तुम्हाला हसू येईल. तुम्ही ट्रॅक्टर खोलायचात तो बिघडला म्हणून, मी खोलतो हौस म्हणून. कारखाने सुरू झाले की आम्ही बनवलेल्या सगळ्या ट्रॉल्या उसाच्या फडात गेलेल्या असतात. मोडनिंबच्या शेडात नवं काम फारसं नसतं, आणि शेट म्हणवणारा मी रिकामा. मग कुणाच्या तरी गोठ्यामागं गंजत पडलेलं एखादं जुनं धूड उचलून आणतो, बोल्ट न् बोल्ट सुटा करतो आणि होळीच्या आत कंपनीतून निघालं होतं तसं उभं करतो. रंग, पत्रा, बोनेटवरची अक्षरं, सगळं मूळचं. तेवढ्यापुरतं माझं नाव झालंय. प्रदर्शनात लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात.

यंदा दोन होते. एक तांबडा, बार्शीच्या भंगारवाल्याकडं आलेला, पूर्वी कुणाचा होता कुणालाच माहीत नाही. दुसरा निळा. निळा म्हणजे तुमचा. म्हणजे मालकांचाच, तुम्ही त्यावर ड्रायव्हर. पण गावात कुणी मालकांचा ट्रॅक्टर म्हणत नसे, आबांचा ट्रॅक्टर म्हणत. तुमच्यानंतर तो मळ्यातल्या चिंचेखाली गेला तो तिथंच राहिला. दिवाळी झाली आणि मालकांच्या मुलाचा, आपल्या धाकट्या मालकाचा फोन आला. "गड्या, हायवेचा हॉटेलवाला निळा मागतोय. दारात हुबा करून वर बल्बाच्या माळा सोडनार म्हनं. तुला पायजे आसंल तर आधी तू बघ."

मी दोन दिवस घरी जेवायलाही गेलो नाही. तुमच्या सुनेनं ते ओळखलं. शेडात डबा घेऊन आली आणि म्हणाली, "अवो, तांबडा आना की गुमान. निळ्याचं नाव काढलं तरी तुमचं त्वांड आंबतंय. लोखंडावर कसला राग धरताय?"

"राग न्हाय."

"मग काय हाय?"

मी भाकरी मोडत बसलो. उत्तर तुम्हाला देतो. मत्सर आहे, आबा. नातवंडं झाली, दारात गाडी आली, पंचक्रोशीतली निम्मी ट्रॉली माझ्या शेडातून जाते, आणि अजून तो गेलेला नाही.

धाकटे मालक आणि मी एका वर्गात. शाळा सुटली की तो मळ्याकडं आणि मी घराकडं, घरून आईनं बांधलेली भाकरी घेऊन मीही मळ्यात. बांधावर पोचतो तर तुम्ही नांगर लावलेला आणि डाव्या मडगार्डवर तो बसलेला. तुम्ही त्याच्याकडं वाकून काहीतरी सांगताय आणि तो खदखदा हसतोय. घरात तुमच्या तोंडून शब्द निघायचा तो आईला कालवणात मीठ कमी आहे हे सांगायला. तुम्हाला कुणाला हसवता येतं हे मला त्या बांधावर कळलं. तुम्ही थांबता, इंजिन चालूच ठेवता, फडकं सोडून भाकरीवर ठेचा घालता आणि पहिला तुकडा त्याला देता. त्याच्या घरी तुपाच्या चपात्या, आणि माझ्या आईची भाकरी तो मिटक्या मारत खातोय. मी म्हणतो, "आबा, मला बी घ्या की एक फेरी."

"तुझं काय काम हितं? घरला जा, पुस्तक काढ."

मी घरी जायचो नाही. विहिरीपाशी तुमच्याकडं पाठ करून बसायचो. बघवत नव्हतं म्हणून ऐकायचो. कुठला गिअर पडला, नांगर कुठं दगडाला अडला, तुम्ही बांधाजवळ वळलात की अलीकडंच, हे पाठमोरं बसून कळायला लागलं. आज लोक विचारतात, शेट, नुसत्या आवाजावरून इंजिनातली खोट सांगता, शिकलात कुठं? मी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. कुर्डुवाडीला हात तयार झाले. कान त्याआधीच, रागानं तयार झाले होते.

शेवटी गेलो बघायला. धाकट्या मालकाला टक्कल पडलंय, गुडघे धरून चालतो, पण मला बघून तसाच खदखदा हसला. मी सोबत बॅटरी नेली होती. टाकी धुऊन ताजं डिझेल घातलं, पंपाची हवा काढली, आणि बऱ्याच खोकल्यानंतर निळा उठला. चिंचेवरचे बगळे उडाले.

"काय वाटतंय?" त्यानं विचारलं.

"एक नोझल गेलंय. बाकी इंजिन तुमच्यापेक्षा तरणं हाय, मालक."

"आबा आसंच सांगायचे बघ, मान तिरकी करून. मला शिकवायला लई बघितलं त्यांनी. कान दे, कान दे म्हनायचे. मला घंटा कळायचं न्हाय, मी आपला व्हय आबा, व्हय आबा."

तुम्हाला आबा तोही म्हणायचा, हे मी विसरलो होतो. म्हणजे विसरायचं ठरवलं होतं.

मग त्यानं डाव्या मडगार्डवरची धूळ पंजानं पुसली आणि एक कडी दाखवली. सळई वाकवून केलेली, पत्र्याला वेल्ड केलेली. "ही माझी. एकदा नांगरटीत मी पडता पडता वाचलो. आबांनी दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टर कुर्डुवाडीला नेऊन ही बसवून आनली. म्हनाले, धर घट्ट, सोडायची न्हाय."

आबा, माझी सगळी हयात वेल्डिंगवर गेली. ते काम घाईचं नव्हतं. जोड सलग होता आणि सळईची टोकं कानशीनं घासून गोल केली होती, लहान तळवा कापू नये म्हणून. कुणीतरी तिथं उभं राहून तसं करून घेतलेलं होतं. माझ्यासाठी तुम्ही काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. वह्या आणल्या, दप्तर आणलं, फी थकू दिली नाही. पण टोकं घासलेली अशी एकही वस्तू मला आठवेना.

"कडी ठेवशील न्हवं?" त्यानं विचारलं.

"बघू. कंपनीच्या मॉडेलला कडी नसती, मालक."

तांबडा तिथंच मनातून गेला. निळा मी आणला, कारण तो तुमचा होता. आणि त्या कडीला हॉटेलवाल्यानं बल्बाची माळ गुंडाळू नये म्हणून आणला. आणि ती कडी कापायची संधी मला मिळावी म्हणूनही आणला. तिन्ही कारणं खरी आहेत, पहिलं कुठलं ते विचारू नका.

मडगार्ड सोडवून बाकावर घेतलं तेव्हा शेडातल्या पोरानं ग्राइंडर लावला. "शेट, हे वरचं उडवू का? मूळचं न्हाय ते." मी म्हणालो, थांब, मी बघतो. तो बाजूला झाल्यावर कडीत हात घालून बघितला. दोन बोटं गेली, तिसरं अडकलं. ती मोठ्या माणसासाठी नव्हतीच. मुठीचं माप घेऊन केलेली होती. आम्ही दोघं एका वयाचे, एका अंगाचे, आबा. माझीही मूठ तेव्हा तेवढीच होती.

ग्राइंडर मी बंद केला. कडीला प्रायमर मारला, वर निळ्या रंगाचे दोन हात दिले. प्रदर्शनात कुणी विचारलं, ही कशी काय, तर जुन्या ड्रायव्हरची खोड म्हणून सांगेन. तुम्ही माझे कोण ते सांगेनच असं नाही.

परवा धाकट्या मालकाला फोन केला. म्हणालो, रंग झाला, इंजिन चढवायचं तेवढं राहिलंय. कडी मात्र कापावी लागली.

 तो म्हणाला, "बरं. कंपनीची नव्हती म्हनल्यावर तू तरी काय करनार." आवाज खाली बसला होता, पुढं एकदा खाकरला. असलं काही माझ्या कानातून सुटत नाही.

आज ना उद्या तो बघायला येईल आणि मी उघडा पडेन. त्याचंही मला फारसं काही वाटत नाही. हे तुमच्यापर्यंत पोचण्यासारखं असतं तर पुढची ओळ लिहिली नसती. तो फोन ठेवला आणि दुपारी मला अशी गाढ झोप लागली, की हिला दोनदा हलवून उठवावं लागलं.