माईकवर मोडलेलं स्थळ

आदरणीय कलाबाईस,

तुझा धाकटा भाऊ इंद्रभान याचा चिखलीहून सप्रेम जयभीम. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा करतो. इकडे तुझी भावजय महामाया आणि आमची अर्पिता खुशाल आहेत. मी नाही. पत्र पाहून कोणी गेलं की काय म्हणून रडायला बसू नकोस. फोन न करता पत्र का, ते ओघात येईलच. तूर्त एवढंच समज की फोन या वस्तूवरून माझा विश्वास उडाला आहे आणि त्यात तुझा हात आहे.

आमच्या केंद्रात तरुणांना आधुनिक शेतीचं प्रशिक्षण देतात आणि ते देणारा मी, हे तू साखरखेर्ड्याच्या अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलंच आहेस. पहिल्या दिवशी पिशवी, टोपी आणि फोटो होता, तेव्हा खुर्च्या पुरल्या नाहीत. पुढे पोरं गळू लागली. साहेबांनी कारण विचारलं, तर मी मोबाईलवर ढकललं. (खरं म्हणजे आमचं शेडनेट वादळात उडालं, ते हल्ली शेजारच्या मंगल कार्यालयाला सावली देतं, म्हणून मी शेडनेटचा फोटो दाखवतो. गाय मंजूर आहे, पण आलेली नाही. दूध काढण्याचं प्रात्यक्षिक मी हवेत करतो. बोटं फार दुखतात, बाई.) मुलींची संख्या दिसावी म्हणून अर्पितालाच मागच्या रांगेत बसवलं, घरी बसून तरी काय करते! या महिन्याअखेर तपासणी आहे. वर्गात माणसं दिसली नाहीत, तर केंद्राला कुलूप आणि मला घरचा रस्ता, असं साहेब स्वच्छ बोलले आहेत. हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

परवा, उरलेली पोरं तरी धरून ठेवावीत म्हणून, मी माझं हुकमी व्याख्यान काढलं: ‘शेतकरी हाच खरा साहेब’. हे मी असं देतो की कधीकधी माझेच डोळे भरून येतात. पुढच्या रांगेत उंद्रीचा अश्वजित होता, वर्गातला सर्वांत हुशार मुलगा, प्रश्न विचारून मला घाम फोडणारा. ऐन रंगात तुझा फोन आला. मी शिष्टाचार म्हणून बाहेर व्हरांड्यात गेलो. कॉलरला लावलेला माईकही माझ्यासोबत आला, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. आणि तुझा आवाज, बाई! तो फोनमधून निघाला, माईकमध्ये शिरला आणि हॉलच्या दोन्ही स्पीकरवर पोचला.

“इंद्रभान, अर्पितासाठी पोरगा सापडला रे! उंद्रीचा अश्वजित. पाच एकर ओलित हाय. तुह्याच केंद्रात शिकून राह्यला म्हनते!”

त्यावर मी काय बोललो ते तुला आठवत असेलच. आता अख्ख्या वर्गाला आठवतं. “बाई, डोकं फिरलं काय तुहं? शेती करनाऱ्याले पोरगी देऊ? चपराशी का असंना, पन पगारवाला पाह्य. घरी शेती असली पाह्यजे, पोरगा ते करनारा नसला पाह्यजे!”

आत आलो तर पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. मला वाटलं, व्याख्यानाचा परिणाम! म्हणून मी ‘तर मित्रहो, शेतकरी हाच खरा...’ असं पुढे सुरू केलं, तेवढ्यात अश्वजित उठला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. अगदी अदबीनं म्हणाला, “सर, चपराशाची जागा कुठी निघाली, तेबी सांगजा.” टोपी टेबलावर ठेवली आणि गेला. त्याच्यामागे बाकीचेही गेले. आता वर्गात एकटी अर्पिता येते. ती घरचीच, तिला काय मोजायचं! ती माझ्याशी बोलत नाही, पण मी शिकवतो ते उतरवून घेते.

बाई, मला लाज वाटली गं. माझ्या त्या व्याख्यानावर खरा विश्वास त्या एकट्या पोराचा होता. माझाही नव्हता.

दाजींना जयभीम. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
इंद्रभान

ता.क. मुख्य गोष्ट राहिलीच. उंद्रीला जाऊन अश्वजितच्या आईला सांग की स्थळाचा विचार चालू आहे, पोराला मित्रांसकट वर्गात पाठवा. फक्त तपासणीपर्यंत. नंतर मुलीला पुढे शिकायचं आहे म्हणून कळवून टाकू, ते कारण नेहमी चालतं.

ता.क. आत्या, जयभीम. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. उंद्रीला जाशील तेव्हा मलाही घेऊन जा. मला पुढे शिकायचं आहे हे खरंच आहे. हवेत दूध काढता येतं, आता गाईखाली बसून शिकायचं आहे. फक्त एक आधी विचारून घे. त्यानं चपराशाच्या जागेसाठी अर्ज केला असेल, तर माझा नकार कळव. – अर्पिता