मागच्या डाव्या चाकाची किरकिर

२६ नोव्हेंबर २००१, सोमवार

सोजराबाई आज पण तेच म्हणाली. भाजीची टोपली पायाशी घेऊन पुढे बसली आणि सेनगाव यायच्या आत सुरू — "प्रेमानंद, तुझं मागचं चाक रडून राहिलं रे." कोणतं म्हटलं, तर डावं. रोज माझ्याच जीपने जाणारी बाई, उगाच बोलायची नाही. म्हणून मीही म्हटलं, व्हय मावशी, दोन दिवसांपासून ऐकून राहिलो.

खोटं बोललो. मला काहीच ऐकू आलं नाही!

गोरेगाव ते हिंगोली या रस्त्यावर निम्मं आयुष्य गेलं. गाडीत काय बिघडलं ते मी बॉनेट न उघडता सांगतो, स्टँडवर माझी पत आहे ती त्यावरच. दुसरे ड्रायव्हर मला शेजारी बसवून चक्कर मारतात, बघ बरं काय वाजतंय म्हणून. आणि माझ्याच गाडीचं चाक वाजतं ते मला भाजीवालीने सांगायचं?

२८ नोव्हेंबर

गाडी जॅकवर घेतली. चाक हाताने फिरवलं, दोन्हीकडून धरून हलवलं. बोल्ट आवळले. काही सापडलं नाही. रिकामी गाडी वेशीपर्यंत नेऊन आणली, सोबतचा पानवाला म्हणाला, कुठं काय वाजतंय? बरं वाटलं. मग पॅसेंजर भरले, निघालो, तर पुलापाशी मागून एक मास्तर ओरडले — "अहो, केवढं किरकिरतंय हे!"

म्हणजे भरल्या गाडीतच वाजतं. रिकामी असली की गप. असला नखरा पहिल्यांदाच पाहतोय.

२९ नोव्हेंबर

माझे नेहमीचे तिघेजण आज किसनसिंगाच्या जीपमध्ये. स्टँडवर माझ्यानंतरचा नंबर त्याचा. माझी गाडी भरायच्या आत हे लोक खाली उतरून त्याच्याकडे जाऊन बसले, माझ्या डोळ्यांदेखत. माझ्या बायकोने, करुणाने, गिरणीवर ऐकलं ते असं — "प्रेमानंदच्या गाडीत बसू नका, चाक निघंल एखाद्या दिवशी," असं किसनसिंग सांगत फिरतो.

आत्ता कळलं आवाज कुठून येतो ते. त्याच्या तोंडातून येतो! यानेच सगळ्यांना पढवलं असणार. सोजराबाईलासुद्धा. घर या जीपवर चालतं, त्याला ते माहीत आहे.

१ डिसेंबर

पण मास्तरांना कोण पढवणार? ते तर परगावचे.

२ डिसेंबर, रविवार

करुणाला सोबत घेतलं. बायको तरी खोटं बोलणार नाही. तिला बरोबर त्या चाकावरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, वाजलं की हाक मार, मी तिथल्या तिथे थांबवतो. सेनगाव आलं तरी हाक नाही. मी खूश. उतरून मागे गेलो, म्हटलं, नाही ना वाजत?

तिचा चेहरा उतरलेला. "मी चारदा हाका मारल्या. सगळी गाडी माझ्याकडं पाहून राहिली होती. तुमी काहून थांबले न्हाई?"

इंजिनाचा आवाज होता, म्हटलं. ती आणखी काही बोलायच्या आत मी स्टिअरिंगवर जाऊन बसलो.

४ डिसेंबर

हिंगोलीला हनीफ मिस्त्रीकडे गेलो. भरल्याशिवाय वाजत नाही हे सांगितल्यावर त्याने समोरच्या अडतीतली सोयाबीनची पोती मागे टाकली आणि वर स्वतः बसला. मी चालवली. शंभर पावलंही गेलो नसेन, तो माझ्या पाठीवर थापा मारायला लागला. "रोको, रोको, हो गया!"

बेअरिंग. ग्रीस सुकून खडखडीत झालेलं, उष्णतेने निळं पडलेलं. त्याने ते माझ्या हातात ठेवलं. "मियाँ, ये तो चिल्ला रहा था. दो दिन और चलाते तो चक्का खेत में जाता. तुमको सुनाई नहीं दिया?"

दिया था, टाइम नहीं मिला, असं म्हणालो. मग त्याने ते जुनं बेअरिंग माझ्या कानाजवळ बोटांवर फिरवलं. सुनो, म्हणाला. मी मान हलवली. कानाला वारा लागला तेवढाच.

म्हणजे किसनसिंग खरं बोलत होता. चाक निघणारच होतं. आणि आत अठरा माणसं.

भीती वाटते. इथे सरळ लिहून टाकतो, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. ड्रायव्हरचा कान गेला हे स्टँडवर कळलं तर माझ्या गाडीत कोण बसेल? आणि मला दुसरं येतं काय?

६ डिसेंबर

आज गाडी काढली नाही. सगळी वस्ती विहारात. वंदना चालू होती, मी डोळे मिटून म्हणत होतो, मन जरा थाऱ्यावर आलं होतं. करुणाने कोपराला धरून ओढलं. डोळे उघडले तर सगळे बसलेले, मी एकटाच उभा आणि माझं चालूच! पोरं हसली. मीही हसलो.

७ डिसेंबर

करुणा म्हणाली, "नांदेडला कानाच्या डॉक्टरला दाखवून येऊ." ताट पुढे सरकवून उठलो. कान धड आहेत माझे. बिघडलं होतं ते बेअरिंग, ते बदललं. ती मागून आणखी काहीतरी बोलली. काय म्हणालीस ते विचारायची हिंमत झाली नाही.

हल्ली तिच्याशी उगाच चिडून बोलतो. तिचं काय चुकलं यात? काहीच नाही.

९ डिसेंबर, रविवार

सोजराबाई — "आता कशी गप चालून राहिली गाडी." मुद्दाम भरल्या जीपमध्ये मागच्या चौघांना विचारलं. कुणालाच आवाज येत नाही. मलाही येत नाही. सगळ्यांचं आणि माझं जुळलं!

म्हणजे सगळं ठीक आहे. किती दिवसांनी जेवण गोड लागलं. ते तिघेही परत माझ्या गाडीत आले.

१२ डिसेंबर

किसनसिंग म्हणतो म्हणे, "प्रेमानंदला गुर्मी आली, हाक मारली तर ओ देत न्हाई." त्याने कधी हाक मारली?

१४ डिसेंबर

परवा साखरपुड्याचं भाडं आहे. रुळाच्या पलीकडचं गाव, दोन गाड्या. दुसरी किसनसिंगाची निघाली, नाही म्हणता येईना. करुणा म्हणते, "त्यालाच पुढं राहू द्या." मी काहून मागे राहू? पाहुणे माझे, भाडं मला आलेलं. मीच पुढे राहणार.

१६ डिसेंबर, रविवार

त्या रुळाला फाटक नाही. तुरी डोक्याच्या वर गेलेल्या, दोन्हीकडचं काही दिसत नाही. तिथे सगळे ड्रायव्हर करतात तेच केलं — गाडी बंद केली, कानोसा घेतला. बायासुद्धा बोलायच्या थांबल्या. तिथे ऐकायचं काम ड्रायव्हरचं, त्याच्यावर सोडून बाकीचे गप बसतात.

काही नव्हतं. किल्ली फिरवली, गिअर टाकला.

बाजूने एक हात आत आला आणि किल्ली काढून घेतली. किसनसिंग. मागच्या गाडीतून धावत आला होता, धाप लागलेली. मी त्याला आईवरून शिवी दिली. शिवी तोंडातच होती आणि तुरीतून रेल्वेचं इंजिन निघालं.

मागे वळून पाहिलं. सगळ्या बायांनी कानांवर हात गच्च दाबून धरले होते. मी नुसताच बसलो होतो.

किल्ली अजून किसनसिंगाकडेच आहे. मी मागितली नाही.